डोमाजी नाकेदार घर पाहतात

घर भाड्याने घ्यायला गेलेला माणूस आधी काय पाहतो? कोणी विहीर पाहतो, कोणी छप्पर गळतं का ते पाहतो, कोणी मालकाचं तोंड पाहतो. डोमाजी नाकेदार काहीच पाहत नसत. उंबरठ्याबाहेर वहाणा काढून ते खोलीच्या मधोमध जात, खांद्यावरच्या दुपट्ट्याची उशी करत आणि जमिनीवर सरळ आडवे होत. डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीवर. घर पाहायला आलेला माणूस असा पसरला की मालक घाबरून धावत येई.

"पानी आनू का?" एका मालकीणबाईंनी घाबरून मला विचारलं होतं. "फिट येते का यायले?"

"नाई बाई," मी म्हणालो, "ते ऐकून राह्यले."

"का ऐकून राह्यले?"

काय ऐकत होते, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण एवढ्यात डोमाजीभाऊंनी पडल्यापडल्याच एक बोट वर केलं. म्हणजे आम्ही दोघांनीही तोंड बंद ठेवायचं. बिचारी बाई आपल्याच घरात पाहुण्यासारखी चवड्यांवर चालत आत गेली.

डोमाजीभाऊंना शांत घर हवं होतं. यात हसण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र मी ऑफिसात त्यांची नक्कल करायला लागलो, आणि चौथ्या दिवशी टेबलावर आडवा झालेला असताना साहेबांना सापडलो.

मी तेव्हा चांद्याच्या लाकूडडेपोत कारकून होतो. आज ज्याला चंद्रपूर म्हणतात ते चांदा. माझा जन्मच तिथला, त्यामुळे माझ्या लेखी चांदा म्हणजे आपलं गाव; शहर म्हटलं की नागपूर. पण डोमाजीभाऊ आले होते चामोर्शीच्या पलीकडच्या जंगलातून, एका नाक्यावर तेवीस वर्षं काढून. नाका म्हणजे रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, शेजारी एक कौलारू क्वार्टर आणि चहूकडे रान. लाकडाच्या गाड्या थांबवायच्या, पास तपासायचा, बांबू वर करायचा. अशा माणसाला चांदा म्हणजे महानगरच. गावाभोवतीचा परकोट काय, त्याचे दरवाजे काय, रेल्वेचं ठेसन काय, हॉटेलात गाणारा रेडिओ काय! पहिल्या दिवशी ते जटपुरा दरवाज्यातून आत शिरले, दहा पावलं चालले आणि उलटे फिरून दरवाज्याबाहेर जाऊन बसले. मी शोधत गेलो तर मला म्हणाले, "बाबू, इथी साराच बजार हाय का? मंग लोकं झोपतेत कुठी?"

त्यांचे कान मात्र जगावेगळे होते. गाडी मैलभर लांब असली तरी चाकाच्या कुरकुरीवरून ती भरलेली की रिकामी ते सांगत. कुऱ्हाड सागावर पडली की मोहावर, हे अंथरुणातून सांगत. लाकडाच्या ओंडक्यावर काठी ठोकून तो आतून भरीव की पोकळ हे तर हमखास. आमचे साहेब एकदा नाक्यावर दौऱ्याला आले असताना डोमाजीभाऊंनी एक चांगला थोराड ओंडका ठोकला आणि म्हटलं, "पोकळ हाय." ठेकेदाराने आईची शपथ घेतली. ओंडका कापला. साहेब सांगत की आतून मुंगूस निघालं. ठेकेदार म्हणे की खार होती. काहीही असो, लिलावाच्या आधी ओंडके पारखायला असा माणूस डेपोत हवाच, असं साहेबांच्या मनाने घेतलं. आणि गंमत म्हणजे, डोमाजीभाऊंनी स्वतःच दोनदा चांद्याला बदलीचा अर्ज केलेला होता.

साहेबांनी त्यांना सरळ सांगितलं, "महिनाभर डेपोतल्या खोलीत राहा. पौर्णिमेच्या आत घर करा आणि बायकोला आणा. नाही जमलं तर तुमचा नाका तुम्हाला, आमचा डेपो आम्हाला. मग पुन्हा अर्ज करायचा नाही."

"जमते साहेब," डोमाजीभाऊ म्हणाले. "फक्त घर शांत पायजे. माह्या बायकोसाठी पायजे."

"मग जंगलात काय गलका होता?" मी विचारलं.

"जंगलात मानूस नाई ना, बाबू. तिले मानसं पायजे. पर गलका नको."

माणसं हवीत, पण गलका नको! आमचे हेडक्लार्क त्या दिवशी जेवणाचा डबा उघडून म्हणाले, "मलेही वांग्याची भाजी पायजे, पर वांगं नको." सगळं ऑफिस हसलं. त्या दिवसापासून डोमाजीभाऊंच्या बायकोबद्दल आम्ही ऑफिसात एक पुराणच रचायला घेतलं. कोणी म्हणे, बाई इतकी तापट की मांजर म्याव म्हणाली तरी मुसळ घेऊन धावते. कोणी म्हणे, नाक्यावर वाघ फिरकत नाही तो डोमाजीच्या नव्हे, तिच्या धाकाने. मी तर तिची उंचीही ठरवून टाकली होती. दरवाज्यातून वाकून येणारी, मनगटाएवढ्या पाटल्या घातलेली बाई माझ्या डोळ्यांपुढे उभी असे. घरं दाखवायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं होतं, म्हणून मला तिचा आगाऊच राग आला होता.

मी स्वतः एका हॉटेलाच्या माडीवर राहत होतो. खाली पहाटेपासून कपबशा आदळत, भजी तळली जात, रेडिओ कोकलत असे, आणि या सगळ्यात मला अशी झोप लागे की काय सांगावं. शांतता म्हटली की मला आजारपण आठवतं. तेव्हा या कामाला माझ्याइतका नालायक माणूस चांद्यात दुसरा नसेल.

पहिलं घर मी कासारांच्या आळीत दाखवलं. मुद्दाम जेवणाच्या वेळेला नेलं. कासार घरोघर जेवायला बसलेले, आळीत चिटपाखरू नाही. डोमाजीभाऊ आडवे झाले. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाले, "इथी ठोकाठोकी चालते."

"छे! कोन म्हनते?"

"जमीन अजून हालून राह्यली, बाबू."

मी त्यांना समजावायला तोंड उघडतो तोच जेवणं आटोपली आणि दोन्ही बाजूंनी हातोडे सुरू झाले. डोमाजीभाऊ काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून "पोकळ" इतकं कळलं. नापास घराला त्यांचा तोच शब्द होता.

दुसरी खोली बाजाराच्या मागे होती. मागच्या अंगाला, हवेशीर. तिथे ते आडवे होऊन चांगली पाच मिनिटं झाली. मी मनात म्हटलं, आज सुटलो. इतक्यात खालून आकाशवाणी झाली, "हॅलो, हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन!" डोमाजीभाऊ पडल्या जागेवरून उठून उभे राहिले, मधे बसणं नाहीच. खाली भोंगेवाल्याचं दुकान होतं. लग्नाला आणि निवडणुकीला भाड्याने द्यायचे भोंगे तो रोज दुपारी तपासून ठेवत असे. मालक म्हणाला, "फक्त दुपारीच." डोमाजीभाऊंनी कानात बोट घालून हलवलं आणि विचारलं, "का म्हनता?"

तिसरं घर एका निवृत्त गुरुजींचं. गल्ली खरोखर निवांत. पण गुरुजी डोमाजीभाऊंच्या उशाशी बसले आणि शांततेचं महत्त्व सांगू लागले. मनाची शांतता, घराची शांतता, देशाची शांतता. त्यांच्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येते, हे त्यांनी चार वेळा सांगितलं. टाचणीला पडायला त्यांनी फुरसत म्हणून दिली नाही. तासाभराने डोमाजीभाऊ उठले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "घर बेस हाय गुरुजी. तुमी कुठी राह्यले जानार?"

एका शेटजींचं घर तर मला वाटलं, लागलंच पदरात. नवं कोरं, शेजार सज्जन, रस्ता लांब. डोमाजीभाऊ बराच वेळ पडून राहिले. चेहऱ्यावर समाधान. मग त्यांनी हळूच वर बोट केलं. "शेटजी, तुमच्या त्या आड्यात किडा हाय. खाऊन राह्यला."

"नवीन साग आहे तो!" शेटजी कडाडले.

"मंग तं त्याले गोड लागत असन," डोमाजीभाऊ म्हणाले. आम्हाला त्या घरातून कसं बाहेर काढण्यात आलं ते मी इथे लिहीत नाही.

आता एक अडचण अशी की रानात हरवलेलं वासरू हुडकून आणणारा हा माणूस चांद्याच्या गल्लीत ठार आंधळा होई. एकटे निघाले की नापास केलेल्याच घरात पुन्हा जाऊन आडवे होत. कासारांच्या आळीत तर तीनदा. "सारी घरं सारखीच हायेत, बाबू. झाडाले झाड वेगळं असते, याईले काऊन नाई?" शेवटी त्यांनी आपल्यापुरता एक उपाय काढला आणि मला तो सांगितला नाही. आमच्याकडे जंगलात तोडायचं झाड ठरलं की त्याच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर गेरूचा पट्टा मारतात. डोमाजीभाऊंनी तेवीस वर्षं तेच केलं होतं. ते खिशात गेरूची पुडी ठेवू लागले आणि नापास घरातून निघताना दाराच्या चौकटीला बोटाने एक पट्टा ओढू लागले. पुन्हा इकडे यायचं नाही, एवढीच त्यांची खूण.

दुसऱ्या एखाद्या गावात लोक म्हणाले असते, पोरांचा चाळा. पण हे चांदा होतं. इथे घरटी एक माणूस कधी ना कधी जंगलखात्यात, नाहीतर ठेकेदाराकडे, नाहीतर लाकडाच्या गाडीवर. गेरूचा पट्टा म्हणजे काय, ते शेंबडं पोरही जाणतं. ज्याला पट्टा, ते पडणार.

एका सकाळी शहरात हाहाकार उडाला. तेरा घरांना पट्टे! सरकार घरं पाडणार! नऊच्या सुमाराला ऐकू आलं की रस्ता रुंद करणार. दहाला खबर आली की रस्ता नव्हे, खाली कोळसा लागला आहे, गल्लीच खणणार. आमच्या भागात कोळशाच्या खाणी आहेत, तेव्हा कासारांच्या आळीत एकाने लगेच परसात खणून पाहिलं आणि काळी माती लागल्याबरोबर बोंब मारली. गुरुजी लोकांना शांतता राखा म्हणून ओरडत फिरत होते. अकरानंतर मात्र वारं फिरलं. कुठूनशी बातमी उठली की पट्टा असलेल्या घरमालकाला सरकार नव्या घरासाठी डेपोतलं सागवान फुकट देणार. मग काय विचारता! ज्यांच्या चौकटीला पट्टे नव्हते, त्यांनी ते स्वतःच मारून घेतले. किराण्याच्या दुकानातला गेरू बारापर्यंत संपला. एका हुशार गृहस्थाने तर गोठ्याला आणि म्हशीलाही पट्टा मारला.

दुपारी सगळी जत्रा डेपोवर आली. निम्मे लोक घर वाचवायला आलेले, निम्मे सागवान न्यायला बैलगाडी घेऊन आलेले, आणि दोघांत मारामारीची पाळी. शेटजी तेवढे गप्प होते. त्यांच्या हातात एका डब्यात आढ्यातून पडलेला लाकडाचा भुसा होता आणि ते नम्रपणे "ते कानवाले नाकेदार" कुठे बसतात असं विचारत होते. साहेब बाहेर आले, त्यांनी डोमाजीभाऊंकडे पाहिलं. डोमाजीभाऊंचं तर्जनीचं बोट मुळापासून टोकापर्यंत लाल होतं.

गर्दी पांगायला लागली तेव्हा एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. ही भागाबाई. परकोटाच्या कडेला, तळ्याच्या अंगाला तिचं घर. मागे-पुढे कोणी नाही. दोन्ही कानांनी ठार बहिरी, आणि आपण किती मोठ्याने बोलतो याचा तिला पत्ता नसे. "माह्या घराले पट्टा काऊन नाई?" ती अशी गरजली की बैल बिथरले. "गरीब हाय म्हनून का?"

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो की पट्ट्याला काही अर्थ नाही. हेडक्लार्क दुसऱ्या कानात ओरडले. चौकीदार मागून ओरडला. भागाबाई आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहून म्हणाली, "सारे मेले कानातच घुसतेत. सांगत कोनी नाई." आणि रागारागाने निघून गेली.

साहेबांनी डोमाजीभाऊंना आत बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते थकल्यासारखे बोलले. "आजच्या आज सगळे पट्टे धुऊन काढा. पौर्णिमा परवा आहे. घर नसेल तर मी तुमची नाक्याची ऑर्डर काढतो."

"बायको उद्याच्या मोटरने निंगून राह्यली, साहेब," डोमाजीभाऊ म्हणाले. "चिठ्ठी आली."

बादली आणि फडकं घेऊन आम्ही दोघं निघालो. तेरा पट्टे त्यांचे, बाकीचे पन्नास लोकांचे; पण ते आपला पट्टा बरोबर ओळखत. प्रत्येक दारात मालक उभा राहून चार शब्द सुनावी आणि डोमाजीभाऊ खाली मान घालून चौकट पुसत. मला खरं तर हसू यायला हवं होतं. आठव्या चौकटीला मात्र मी चिडलो. म्हटलं, "डोमाजीभाऊ, एक बोलू? बायकोले येवढी डोक्यावर काऊन बसवून ठेवली तुमी? थोडा आवाज आला तं का मरन का ती?"

ते पुसायचे थांबले. फडकं पिळलं. "बाबू, तिले आवाजाचं काई नाई. आवाज तिचाच गेला."

मला कळेना.

"गऱ्यात गाठ झालती तिले, तीन वर्सं झाले. नागपूरले नेऊन कापली. जीव वाचला, आवाज गेला. आता नुसता वारा निंगते तोंडातून." त्यांनी हाताने ओठांपुढे जरासं हलवून दाखवलं. "आन बाई कशी? माही सगुना! लय बोलकी. पयले नाक्यावरून हाक मारे तं नदीपल्याडचा गाडीवान थांबे. आताई दिवसभर बोलते. साऱ्या जगाच्या नकला करते, मले हासवून हासवून मारते. पर ऐकू कोनाले येते? मले येते. नाक्यावर सामसूम राह्यते म्हनून येते."

"मंग नाक्यावर काय वाईट होतं?" मी विचारलं. माझा आवाज उगाच लहान झाला होता.

"मी जन्मभर पुरनार हाय का?" ते म्हणाले. "तिच्यापेक्षा दहा वर्सांनं मोठा हावो. मी गेलो तं त्या जंगलात ती कोनाशी बोलन? म्हनून म्हटलं, मानसांत न्यावं. हळूहळू कोनाले तरी तिचं ऐकाची सवय लागन. पर गलक्यात तं मलेच ऐकू नाई येनार, बाबू. मंग ती बोलनंच सोडन."

 बादली उचलली आणि उरलेल्या पाच चौकटी मी पुसल्या. टेबलावर आडवा होऊन मी ज्या माणसाची नक्कल केली होती त्याच्या शेजारी उभं राहायची मला लाज वाटत होती, आणि ती लाज आज लिहितानाही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना भागाबाईच्या घरी नेलं. दुसरं काही उरलंच नव्हतं. घर पाहून मात्र मी चाट पडलो. एका बाजूला परकोटाची जाडजूड भिंत, दुसऱ्या बाजूला तळं, मधे अंगण आणि दोन रिकाम्या खोल्या. डोमाजीभाऊ आडवे झाले. मी दाराशी श्वास रोखून उभा होतो. इतके दिवस मला शांतता म्हणजे काय ते कळत नव्हतं. त्या सकाळी मी मनापासून तिची भीक मागत होतो. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या. ते डोळे मिटूनच हसले.

आणि अंगणात धडाड्कन घागर आदळली. पाठोपाठ पाण्याचा पितळी गुंड, त्यावर झाकण, त्यावर पळी. भागाबाई पाणी भरत होती. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ती भांडी ठेवत नसे, फेकत असे. मधूनच "हरि, हरि!" अशी आरोळी ठोके. तिचे आधीचे चार भाडेकरू का पळाले होते ते मला त्या मिनिटात समजलं. मी पळत जाऊन तिच्या कानात ओरडलो, "हळू! हळू!" तिने मान वळवून माझ्यावर काठी उगारली.

डोमाजीभाऊ उठून बसले. "पोकळ" म्हणाले नाहीत. दुपट्टा झटकला आणि म्हणाले, "आज उतरू इथी. दोन दिवस तिले शहर दाखवतो. मंग जाऊ वापस नाक्यावर."

दुपारी मूल गावावरून येणारी मोटर धुरळा उडवत थांबली. वाकून दारातून येणाऱ्या राक्षसिणीची मी महिनाभर वाट पाहत होतो. उतरली ती माझ्या खांद्यालाही न लागणारी, हसऱ्या डोळ्यांची बाई. काखेत टोपली, टोपलीत कोंबडा, आणि तो कोंबडा सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा आरवत होता. शांत घर शोधणाऱ्या माणसाची बायको! मला पाहून ती काहीतरी म्हणाली. ओठ हलले, मला अक्षर ऐकू आलं नाही.

"का म्हनते?" मी विचारलं.

डोमाजीभाऊ लाजले. "म्हनते, बाबू तं चिठ्ठीत लिवलं त्याच्याऊन बारीक हाय, याले जेवाले कोनी देत नाई का?"

रस्ताभर ती बोलत होती. बाजारातून जाताना डोमाजीभाऊ पुन्हा पुन्हा तिच्याकडे वाकत, कपाळाला आठ्या घालत, "का? का म्हनलं?" असं विचारत. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती नुसती हसली आणि गप्प झाली. मग परकोट येईपर्यंत ती बोललीच नाही. डोमाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. सांगितलं नव्हतं का तुले, असं ते पाहणं होतं.

भागाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. सामान ठेवण्याची खुडबुड झाली, कोंबडा सुटला, मी त्याच्या मागे धावलो. सगुणाबाई चुलीपाशी जाऊन उभी राहिली. मोठी, तीन तोंडांची जुनी चूल होती. चुलीकडे बोट दाखवत, अंगणाकडे तोंड करून ती नवऱ्याला काहीतरी म्हणाली. डोमाजीभाऊ पुढे वाकले. "का?"

"पंधरा मानसं जेवत होती त्या चुलीवर," भागाबाई अंगणातून म्हणाली. "बारा वर्सं झाले, आता एकटीची भाकर भाजते. तू पेटव."

आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. माझ्या हातात कोंबड्याचं पीस होतं. सगुणाबाई सावकाश म्हातारीकडे वळली आणि पुन्हा काहीतरी म्हणाली. म्हातारीची नजर तिच्या ओठांवर होती.

"चामोर्शीची? माही बहीन देल्ली होती तिकडं! बस, बस इथी, उजेडात बस."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारीला माणसाचं तोंड पाहून सगळं कळत होतं, कित्येक वर्षं कळत होतं. आणि उभं चांदा तिच्या कानाला तोंड लावून ओरडत होतं. ओठ दिसणार कसे? तिच्यासमोर बसून, तोंडाकडे पाहू देऊन बोलणारं माणूस बारा वर्षांत आज पहिलं आलं होतं, आणि त्याला आवाज नव्हता.

सगुणाबाई सूप ओढून समोर बसली. ती बोलू लागली ती थांबेचना. हात हलत होते, भुवया नाचत होत्या. मधेच तिने गाल फुगवून कोणाची तरी नक्कल केली. भागाबाईने काठी बाजूला टाकली आणि अशी खदखदून हसली की तळ्यावरचे बगळे उडाले. "हा तं मोटरवाला!" ती ओरडली. "आन मंग? मंग का झालं?" एक घागर कलंडून खळखळत अंगणभर गेली. कोणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डोमाजीभाऊ दाराबाहेर जाऊन पायरीवर बसले होते. मी जवळ गेलो. ते दुपट्ट्याने डोळे पुसत होते आणि पुसणं काही संपत नव्हतं. साहेबांना जाऊन घर झालं म्हणून सांगायचं होतं, पण मला घाई करवेना. मीही खाली बसलो. आत पुन्हा हशा झाला, म्हातारीचा आवाज आणि सगुणाबाईच्या हातातल्या बांगड्या.

"आता का सांगून राह्यल्या त्या?" मी विचारलं.

डोमाजीभाऊंनी सवयीने मान तिरपी केली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि मग माझ्याकडे पाहून हसले.

"मले नाई ऐकू आलं, बाबू," ते म्हणाले. "ते त्या दोघींचं हाय."